हरवलेला पूल

शिंप्याकडे असते तसली साधी मापाची टेप. पण डॉक्टरबाईंनी ती ड्रॉवरमधून काढली आणि वस्ताद स्टुलावर मागे सरकला.

दुधाचे टँकर चालवण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. धुक्यात, पुरात, दरड कोसळलेल्या रस्त्यावर त्याने गाडी काढली होती. एकदा ब्रेक गेलेला भरला टँकर नुसत्या गिअरवर डोंगरावरून खाली आणला होता आणि उतरल्यावर शांतपणे चहा मागवला होता. नवीन ड्रायव्हरांना तोच शिकवायचा, म्हणून गाडीतळावर सगळे त्याला वस्ताद म्हणत. असा माणूस त्या सकाळी कंपनीच्या दवाखान्यात स्टुलावर बसला होता, शर्टाचं वरचं बटण उघडं, आणि डॉक्टरबाई त्याच्या मानेभोवती टेप गुंडाळत होत्या.

"मान बरीच जाड आहे," त्या म्हणाल्या.

"बैलाची आहे बाई. ओझी ओढायची म्हणजे अशीच हवी."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारायला सुरुवात केली. घोरता का? नाही. उठल्यावर डोकं जड वाटतं का? नाही. बसल्या बसल्या डुलकी लागते का? नाही. वस्ताद प्रत्येक प्रश्नाला इतक्या चटकन नाही म्हणत होता की शेवटी त्याला स्वतःलाच ते खटकलं, आणि एका प्रश्नाला त्याने उगाच "आठवत नाही" म्हणून पाहिलं. घोरण्याचं तर सगळ्या गल्लीला माहीत होतं. शेजारची म्हातारी म्हणायची, वस्ताद झोपला की आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात.

कंपनीने नवा नियम काढला होता. डोळे, कान, रक्तदाब तपासायचेच. आता झोपही तपासणार होते. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो, डॉक्टरबाईंनी सांगितलं. श्वास अडतो. जीव दचकतो, माणूस अर्धवट जागा होतो, श्वास घेतो आणि परत झोपतो. परत अडतो. त्याला स्वतःला यातलं काही कळत नाही. तो सांगतो, मी भरपूर झोपलो. पण ती झोप झालेलीच नसते, आणि मग ती त्याला भलत्या वेळी गाठते, हातात स्टिअरिंग असताना. ज्याचा संशय येईल त्याने एक छोटं यंत्र घरी न्यायचं, अंगाला बांधून झोपायचं आणि परत आणून द्यायचं. निकाल वाईट आला तर उपचार लागू पडेपर्यंत गाडीची किल्ली कंपनीकडे राहील.

"तुम्हाला देतेय एक," म्हणत डॉक्टरबाईंनी एक पिशवी पुढे केली. वस्तादने ती अशी धरली जशी कुणी दुसऱ्याचं झोपलेलं तान्हं पोर धरावं.

किल्ली जाण्याची भीती तर होतीच. पण तिच्या तळाशी आणखी एक भीती होती, आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

महिनाभरापूर्वीची गोष्ट. नुकतं उजाडलं होतं, रस्ता सरळ होता, गाडी भरलेली. पुढे मोठी नदी आणि तिच्यावरचा लांबच लांब पूल. पुलाच्या अलीकडची पाटी त्याने पाहिली, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्यानंतर आठवत होता तो पलीकडचा पेट्रोल पंप. मधला पूल नव्हता. म्हणजे पूल जागच्या जागी होता, आरशात मागे दिसतही होता, पण वस्ताद त्याच्यावरून आला होता याची खूण त्याच्या डोक्यात कुठेच नव्हती. पंपावर गाडी उभी करून तो खाली उतरला. त्याने टँकरला पूर्ण फेरी मारली, एकेक चाक पाहिलं, बंपरवरून हात फिरवला आणि तळहात उजेडात धरून पाहिला. काही नव्हतं. धूळ होती. तरी दुसऱ्या दिवशी त्याने पेपर विकत घेतला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. पुलावर कुणी सायकलवाला, कुणी पायी जाणारी बाई? तसलं काही छापलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही घेतला. जन्मात पेपर न वाचणारा नवरा बातम्या चाळतोय हे पाहून बायको म्हणाली, "निवडणुकीला उभे राहताय की काय?"

तेव्हापासून ती भीती त्याच्या शेजारच्या सीटवर येऊन बसली होती.

वस्तादची बायको फार बोलणारी नव्हती. झोपेत माणूस देवाच्या हवाली असतो असं ती मानायची, पण नवऱ्याच्या बाबतीत तिने सगळा भार देवावर टाकलेला नव्हता. तो फेरीवरून येऊन दिवसा झोपायचा. तेव्हा ती दारातच भाजी निवडत बसायची आणि तिचा एक कान आतल्या खाटेकडे असायचा. घोरण्याची तिला भीती नव्हती. भीती होती ती घोरणं थांबण्याची. मोठ्ठा आवाज चाललेला असायचा आणि एकदम खट्ट शांतता. ती हातातलं टाकून आत जायची. छाती हलतेय, पोट हलतेय, पण नाकातोंडातून वारा नाही, जसं कुणी आतून दाराला कडी घातलीय आणि माणूस धक्के मारतोय. मग ती कोपराने त्याच्या बरगडीत ढोसायची. तो फुसकन श्वास घ्यायचा, कूस बदलायचा, आणि उठल्यावर म्हणायचा, "आज छान झोप लागली." उताणा झोपला की जास्त होतं हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने त्याच्या बनियनला पाठीवर कप्पा शिवून त्यात रबरी चेंडू घातला. दोन दिवसांनी वस्तादने चेंडू काढून गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला.

त्यामुळे यंत्राची पिशवी पाहून तिने मनोमन हात जोडले. "आता बांधून झोपा," ती म्हणाली. "मी बघते नीट लागलंय का."

"गाडीतळावर विश्रांतीची खोली आहे. तिथेच झोपतो आज. घरी शेजाऱ्यांची कटकट."

"आजवर कधी झाली नाही ती कटकट?"

वस्ताद पिशवी उचलून निघालासुद्धा.

गाडीतळावर पैलवान होता. तो इतका किडकिडीत होता की शर्ट दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा, म्हणूनच त्याला पैलवान म्हणत. लांब मान, आत गेलेली छोटीशी हनुवटी, त्यामुळे चेहरा नेहमी काहीतरी विसरल्यासारखा. वस्तादनेच त्याला टँकर शिकवला होता. लग्न झालेलं नव्हतं, भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. नव्या नियमातून तो पहिल्याच फटक्यात सुटला होता. त्याच्या मानेभोवती टेप गुंडाळताना डॉक्टरबाईंना ती दोनदा फिरवता आली असती, असं तोच सगळ्यांना सांगत होता. आणि गाडीतळावर सर्वांना ठाऊक होतं, पैलवान घोरत नाही. झोपला की मेल्यासारखा पडतो.

"वस्ताद, म्हणजे तुमच्या जागी मी झोपायचं?"

"झोपायचंच आहे. तुला त्यात नवीन काय?"

"परीक्षेला दुसऱ्याला बसवतात ऐकलं होतं. झोपायला बसवणारे तुम्ही पहिलेच."

पैलवानने छातीला पट्टा बांधून घेतला, नाकाखाली नळी लावली, बोटाला चिमटा अडकवला आणि खाटेवर आडवा झाला. "पास करून देतो," म्हणाला आणि बघता बघता झोपला. वस्ताद शेजारच्या खाटेवर बसून राहिला. खोलीत पंखा फिरत होता. पैलवानचं तोंड किंचित उघडं होतं. आवाज नाही, घुरघुर नाही. एकदा तर वस्तादला वाटलं, याची छातीसुद्धा हलत नाहीये. तो थोडा पुढे वाकला. मग पैलवानच्या अंगातून एक बारीक थरकाप गेला, आणि पुन्हा सगळं शांत. किती शांत झोप आहे या पोराची, वस्तादच्या मनात आलं. त्याला हेवा वाटला. तो चहा प्यायला बाहेर गेला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी बोलावलं. वस्ताद केस विंचरून, निर्धास्त होऊन गेला. डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर एक रेघ होती, जिन्यासारखी खाली उतरणारी, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"इथे श्वास थांबला," त्या बोटाने दाखवत म्हणाल्या. "इथे परत. इथे. इथे. हे सगळं तेच. आणि ही दुसरी रेघ रक्तातल्या प्राणवायूची. जाग्या माणसाचा इतका खाली गेला तर मी त्याला उचलून मोठ्या दवाखान्यात नेईन." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही आजवर गाडी चालवत आलात, तुम्हाला काही झालं नाही, याचं मला नवल वाटतंय. किल्ली द्या."

वस्तादने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, यंत्र खोटं आहे. त्या काडीच्या अंगात कसला आलाय असला रोग? त्याने विचारलं, "बाई, हे बारीक माणसाला पण होतं का?"

"होतं ना. हनुवटी लहान असेल, आत असेल, तर घशाला जागाच कमी उरते. काही जण तर घोरतसुद्धा नाहीत. पण तुमचा काय संबंध? तुमची मान पाहा." आणि मग त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "घाबरू नका. याला उपाय आहे. हे मशीन न्या. मास्क नाकावर लावून झोपायचं, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. नीट वापरलंत तर काही आठवड्यांत किल्ली परत मिळेल."

वस्तादला पुढचं काही ऐकू आलं नाही. त्याला ती खोली दिसत होती, फिरणारा पंखा, आणि हलत नसलेली ती छाती. तो पुढे वाकला होता. त्याने पाहिलं होतं. आणि पाहून चहाला गेला होता.

दवाखान्याबाहेर गाडीतळावर पैलवानच्या टँकरची जागा रिकामी होती. जमिनीवर नुसता तेलाचा डाग. सकाळीच तो डोंगरावरच्या डेअरीकडे गेला होता, दूध भरून दुपारी उतरणार होता.

मशीनची पिशवी हातात घेऊन वस्ताद घरी चालत निघाला आणि वाटेत त्याच्या मनाने त्याला गोड बोलायला सुरुवात केली. गप्प राहिलास तर तुझं काय जातं? निकाल तुझ्या नावावर आहे. उपचार तुला मिळणार, आणि तो तुला हवाच आहे, पूल तू विसरलास का? काही आठवड्यांत किल्ली परत. बोललास तर फसवणूक केली म्हणून तुझी नोकरी जाईल आणि त्या पोराचीही. त्याला हळूच सांग नंतर, की बाबा, एकदा तपासून घे. नंतर. उद्या, परवा. सगळं बरोबर वाटत होतं. फक्त हाताला घाम इतका येत होता की पिशवीचा बंद निसटत होता.

बायकोने पिशवी उघडली, मास्क हातात घेऊन उलटसुलट पाहिला, स्वतःच्या नाकावर धरून पाहिला. "देवाने ऐकलं हो माझं," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटायचं एखाद्या दिवशी मी भाजीत गुंतेन, मला ऐकू यायचं नाही, आणि तेवढ्यात…"

"तो मी नव्हतो," वस्ताद म्हणाला.

"कोण नव्हता?"

"यंत्र मी बांधलं नव्हतं. पैलवानने बांधलं होतं."

तिने मास्क खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे हे सगळं त्याला आहे."

"हो."

"आणि आता कुठे आहे तो?"

"गाडीवर. उतरत असेल डोंगर."

"फोन लावा."

वस्तादने फोन काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे त्यानेच पैलवानला शिकवलं होतं. जागा असेल तर तो उचलणार नाही. आणि झोपला असेल तर? वळणावर घंटी वाजून दचकला तर? तरी त्याने लावला. पैलवानचा फोन बंद लागला. पुन्हा लावला. तेच.

"तुमचा श्वास अडला तर मी आहे कोपर मारायला," बायको म्हणाली. "त्याला कोण आहे? एकट्या खोलीत राहतो तो. त्याचं त्याला कसं कळणार?" तिने पायात चपला घातल्या. "चला."

"कुठे?"

"जिथे खोटं बोललात तिथे."

"नोकरी जाईल गं. दोघांची."

"जाऊ दे, असं मी म्हणणार नाही. माझेही हातपाय गळालेत. पण चला."

गाड्या सोडणाऱ्या सुपरवायझरची खोली म्हणजे पत्र्याची एक केबिन, त्यात एक टेबल आणि गाड्या कुठे आहेत ते दाखवणारा पडदा. डॉक्टरबाईंनाही तिथेच बोलावून घेतलं. वस्तादने सगळं सांगितलं, खाली मान घालून, एका दमात. सुपरवायझर तोंडाचा फटकळ. तो शिव्या घालणार म्हणून वस्ताद वाट पाहत होता. पण त्याने शिवी घातली नाही. तो पडद्याकडे वळला, आणि त्याने शिवी घातली नाही यानेच वस्तादचं काळीज जास्त धडधडलं.

पैलवानचा टँकर म्हणजे पडद्यावर एक हिरवा ठिपका. तो डोंगराच्या उतारावर होता, दोन वळणांच्या मधे. हलत नव्हता.

"चहाला थांबला असेल," बायको म्हणाली.

"चहाची टपरी खालच्या वळणावर आहे," सुपरवायझर म्हणाला. "इथे थांबायला जागाच नाही."

डॉक्टरबाई खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "किती वेळ?"

"बराच वेळ झालाय."

चहाच्या टपरीवाल्या बाईचा नंबर सुपरवायझरकडे होता. सगळे ड्रायव्हर तिच्याकडेच थांबत. तिला फोन लावला आणि टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. ती म्हणाली, बघते वर जाऊन. मग नुसतं तिचं चालणं ऐकू येऊ लागलं. खडीवर घासणाऱ्या चपला, धापा, वारा. वस्तादची बायको ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत होती. वस्ताद ठिपक्याकडे पाहत होता. त्याला वाटत होतं आपण नजर काढली तर तो विझेल.

"दिसला टँकर," बाई म्हणाली. "इंजिन चालू आहे."

"माणूस?"

"थांबा हो, चढू तर द्या." आवाज आला, पत्र्यावर थापा मारल्याचा. "आहे आत. मान खाली आहे. अहो दादा. ओ दादा." पुन्हा थापा. "उठत नाही हा."

डॉक्टरबाई फोनवर वाकल्या. "काच वाजवा. दगड घ्या आणि जोरात वाजवा."

ठक. ठक. ठक. वस्तादने डोळे मिटले. त्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा ती छाती आली. हल, तो मनात म्हणत होता. हल रे बाबा, एकदा हल.

मग लांबून, काचेच्या आतून आल्यासारखा, झोपेने जड झालेला पैलवानचा आवाज आला. "पोचलो का?"

बायको मटकन खाली बसली. सुपरवायझरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. टपरीवाली फोनवर सांगत होती की पुढचं चाक डोंगराकडच्या गटारात गेलंय, म्हणून गाडी अडकलीय, दुसऱ्या बाजूला तर सरळ दरी आहे, तुमच्या माणसाचं नशीब म्हणायचं. वस्तादने फोन ओढून घेतला.

"पैलवान, इंजिन बंद कर आधी. हँडब्रेक लाव. लावलास? आता मला सांग, गाडी तू बाजूला घेतलीस ना?"

"घेतली असेल, वस्ताद."

"असेल म्हणजे?"

तिकडे थोडा वेळ नुसता वारा वाजला. "मला वाटतं मीच घेतली. झोप येत होती म्हणून." आणि मग अगदी हळू, पहिल्यांदाच घाबरलेल्या आवाजात, "वस्ताद, मला आठवत नाहीये."

दुसरा ड्रायव्हर पाठवून त्याला खाली आणला. संध्याकाळी तो वस्तादच्या घरी आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि चहाला हात न लावता म्हणाला, "तुम्हाला पास करायला गेलो आणि मीच नापास झालो. किल्ली गेली माझी."

"माझीपण," वस्ताद म्हणाला.

"तुमचं बरं आहे. तुमची मान तरी जाड आहे. माझी मान पाहून कुणाला खरं वाटेल?"

"रागावलास?"

"रागवायला जागा शोधतोय," तो म्हणाला. "दरीच दिसते."

दोघांनाही कंपनीने कामावरून काढलं नाही, पण फसवणुकीची शिक्षा म्हणून गाडीवरून उतरवलं. कितीतरी महिने वस्ताद गाडीतळावर टँकर धुवायचा. ज्यांना त्याने गाडी शिकवली ती पोरं शिट्टी मारून म्हणायची, "वस्ताद, माझी पण झोप काढून द्या ना." तो मान खाली घालून पाइप धरायचा. यंत्र त्याने या वेळी खरंच स्वतः बांधलं, बायकोच्या देखत. त्याचाही निकाल वाईट आला, पैलवानपेक्षा थोडा बरा. "इथेही माझाच पहिला नंबर," पैलवान म्हणाला.

मास्कची भीती वेगळी. पहिल्यांदा लावला तेव्हा वस्तादला वाटलं, कुणीतरी उशी दाबून जीव घेतंय. त्याने तो ओरबाडून काढला आणि खाटेवर उठून बसला. डॉक्टरबाईंनी दाब आधी कमी ठेवला, मास्क बदलून दिला, जागेपणी बसून लावायची सवय करायला सांगितली. मग वस्ताद मास्क लावून शेंगा सोलायला बसायचा आणि बायको पदर तोंडाला लावून हसायची. पैलवानला तिने निरोप धाडला, एकट्या खोलीत नवीन यंत्राशी मारामारी करायची नाही, सवय होईपर्यंत आमच्याकडे झोपायला ये. तो आला. बाहेरच्या खोलीत एक मशीन, आतल्या खोलीत एक. ती दोन्ही मास्क स्वतः साबणाने धुवायची आणि खिडकीत चहाच्या गाळण्याशेजारी वाळत ठेवायची.

पण तिची स्वतःची झोप उडाली होती. इतकी वर्षं तिने घोरण्याच्या आवाजावर नवरा जिवंत असल्याची खात्री करून घेतली होती. आता घोरणंच नव्हतं. बारीक हवा वाहिल्यासारखं काहीतरी, आणि खाली माणूस हत्तीसारखी सोंड लावून गप्प पडलेला. ती उठून उठून त्याच्या छातीवर तळवा ठेवायची. मग बाहेर जाऊन पैलवानच्या पांघरुणाकडे पाहत उभी राहायची. छाती वर यायची, खाली जायची, पुन्हा वर यायची. हे किती साधं आहे, तिच्या मनात यायचं, आणि साधं आहे म्हणूनच तिला भरवसा वाटायचा नाही. पुष्कळ दिवसांनी एका दुपारी ती दारात बसल्या बसल्या डोळा लागून झोपली, तेव्हा वस्तादने तिच्या मांडीवरची परात हळूच उचलून ठेवली.

मशीन किती वापरलं ते मशीनलाच कळतं. डॉक्टरबाई ते पाहत होत्या. पुन्हा तपासणी झाली, जागं राहण्याची वेगळी चाचणी झाली, आणि शेवटी त्यांनी ड्रॉवर उघडून दोन किल्ल्या टेबलावर ठेवल्या. सुपरवायझरने अट घातली, पहिली फेरी दोघांनी एकत्र करायची. एकाने चालवायची, दुसऱ्याने त्याच्याकडे लक्ष ठेवायचं.

जाताना पैलवान चालवत होता. वस्ताद शेजारच्या सीटवर होता, जिथे इतके दिवस भीती बसत आली होती. आता तिलाही जागा करून द्यावी लागली. ऊन स्वच्छ पडलं होतं. पैलवानची पापणी लवली तरी वस्तादच्या पायाची बोटं आवळायची, जणू ब्रेक त्याच्या पायाखाली आहे.

"वस्ताद, माझ्याकडे काय बघताय एकसारखे? मी काय नवी नवरी आहे?"

"तू पुढे बघ."

"पुढेच बघतोय. तुम्हीच मला बुजवताय."

पुलाच्या अलीकडची पाटी आली. पाटी मागे गेली आणि चाकांचा आवाज बदलला, खालून पोकळ, घुमणारा. दोन्ही बाजूंना कठडा सुरू झाला. कठड्याचा रंग जागोजागी उडाला होता. एका ठिकाणी कुणीतरी गळ टाकून बसलं होतं. पाण्यात वाळूचं बेट, बेटावर झुडपं, झुडपांत पांढरे पक्षी. वस्ताद एकेक गोष्ट नजरेने पकडून ठेवत होता. हे सगळं तेव्हाही इथेच असणार. तो गळवालासुद्धा.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला, आणि त्याने पैलवानला त्या सकाळची गोष्ट सांगितली, जी अजून कुणालाच सांगितली नव्हती. पाटी आठवते, पंप आठवतो, मधला पूल नाही.

पैलवानने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि तो समोर पाहत होता. पूल संपत नव्हता. कठडा येत होता, मागे जात होता, पुन्हा येत होता, आणि पैलवानच्या कपाळावर हळूहळू घाम जमत होता.

"का रे? झोप येतेय का?" वस्तादने घाबरून विचारलं.

"नाही." त्याने मान हलवली. या पुलावरून तो कित्येक वर्षं, कित्येक भरले टँकर घेऊन गेला होता.

"वस्ताद," तो म्हणाला, "हा पूल एवढा लांब आहे?"